चौथी सीट

वजन ही ज्याची त्याची खासगी बाब आहे असं मानणाऱ्या माणसाने विरारला घर घेऊ नये. इथून चर्चगेट साठ किलोमीटर. येऊन-जाऊन दिवसाचे तीन तास आम्ही ज्या गर्दीत काढतो, तिथे शेजारणीच्या डब्यात आज कोणती भाजी आहे हे झाकण न उघडता कळतं. तिथे माझे वाढलेले किलो कुठे लपणार? सोसायटीत तर सोयच नाही. लिफ्टमध्ये भेटलेल्या काकू “बारीक झालीस गं” म्हणाल्या तर त्यांना भिशीचा हप्ता लांबवायचा असतो. “तब्येत छान सुधारली” म्हणाल्या तर ते अगदी मनापासून असतं.

माझी तब्येत सुधारायला लागली ती पंचेचाळिशी ओलांडल्यावर. सुरुवातीला ब्लाउजच्या आतल्या शिलाया उसवून निभावलं; मग उसवायला शिलाईच उरली नाही. घरात पहिला संशय गेला माझ्या ताटावर, दुसरा माझ्या बैठ्या नोकरीवर. शेवटी रक्त तपासलं, टीएसएच वाढलेला निघाला, थायरॉइड मंदावल्याचं निदान झालं आणि मला इतका आनंद झाला की डॉक्टरच चपापले. गुन्हेगार सापडला होता. मी घरभर ‘तो मी नव्हेच’च्या थाटात हिंडू लागले. जिलबी खाताना कुणी पाहिलं की म्हणायचे, “थायरॉइड आहे ना.” हे वाक्य कशालाही चालतं. विसरले, चिडले, भरदुपारी झोपले, दूध उतू गेलं: थायरॉइड.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ते सुख काढून घेतलं. म्हणाले, “थायरॉइडच्या नावावर फार तर दोन ते चार किलो टाकता येतील. त्यातलंही बरंचसं अंगात साठलेलं मीठ आणि पाणी. बाकीचं कुठून आलं ते आपण शोधू.” ‘आपण’ म्हणाले, तेवढाच आधार.

थायरॉइडच्या गोळीने आमची सकाळ पार बदलून टाकली. गोळी मोहरीएवढी, अटी लग्नाच्या याद्यांइतक्या. उपाशीपोटी घ्यायची, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा-पाऊण तास काही नाही, आणि चहा तर नाहीच. नाहीतर गोळी अंगाला लागत नाही. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, त्यामुळे घर पाचला जागं होतं आणि सासूबाई सगळ्यांचा चहा एकदम टाकतात. पहिल्या दिवशी मी कप बाजूला सारला, तशी त्यांनी आपल्या लेकाला गॅलरीत नेऊन हळूच विचारलं, “भांडलात का रे?” मी गोळीचं समजावलं. त्यांना पटलं. “औषध म्हणजे औषध,” म्हणाल्या आणि माझा कप झाकून ठेवला. आता तो पाऊण तासाने परत गरम होतो, आणि गरम करताना “आटलाय” म्हणून त्यात थोडं दूध पडतं, दूध पडलं म्हणून साखर पडते. मधल्या वेळात मी पिंपं भरते, दोन डबे करते आणि चहाविना पोळ्या लाटते. त्या पाऊण तासात माझ्याशी घरात कुणी बोलत नाही. मुलाने मित्राला फोनवर सांगितलेलं मी ऐकलंय, “थांब, आईचा चहा झाला की विचारतो.”

वजन उतरवायचं ठरलं की महाराष्ट्रात आधी पंथ निवडावा लागतो. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा: दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवायचं आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपायचं. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: आजी खायची ते खा, भात सोडू नका, तुपाला घाबरू नका. नवऱ्याने पहिला धरला. त्याला वजन उतरवायचं नव्हतंच, तो मुळात शिडशिडीत. मला सोबत म्हणून. पण पंचावन्न मिनिटं ही वरची मर्यादा आहे, पुरी करायची अट नव्हे, हे त्याला कधीच पटलं नाही. ताट चाटूनपुसून झाल्यावर घड्याळाकडे बघून म्हणायचा, “अजून सात मिनिटं आहेत. थोडा भात वाढ.”

सासूबाईंचं माहेर आगाशीचं. त्यांनी दिवेकरांची एक मुलाखत बसून ऐकली आणि निकाल दिला, “मुलगी चांगल्या घरची दिसते.” त्या दिवसापासून वाडा कोलमचा भात आणि त्यावरची तुपाची धार यांना घरात शास्त्राधार मिळाला. ‘पोट सांगेल तेवढंच’ हेही दिवेकर सांगतात, पण त्या वाक्याला बहुधा कुकरची शिट्टी झाली असावी. मी दोन्हीकडचा मान राखला. दोनदा दीक्षितांप्रमाणे जेवायचे आणि मधल्या वेळी दिवेकरांप्रमाणे खायचे.

लेकीचं तिसरंच. ती कॉलेजातून आली की माझ्या ताटात बघून म्हणते, “आई, प्रोटीन कुठंय?” जणू मी ते कुठे तरी ठेवून विसरलेय. मुलाने पावलं मोजणारा पट्टा आणून दिला. रोज दहा हजार पावलं. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वेदात नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या जाहिरातीतून तो जगभर झाला. पट्ट्याचा फायदा एवढाच की पोळ्या लाटतानाही तो पावलं मोजतो. पाहुणे जेवायला असले की मी ओट्यापाशी उभ्या उभ्या निम्मी मजल मारते. पु. लं.च्या ‘बटाट्याच्या चाळी’तल्या पंतांना उपासाच्या वेळी सल्ला द्यायला सगळी चाळ होती, आमच्या सोसायटीचा शिवाय व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

पण खरी अडचण पंथांची नव्हे, पंचांगाची आहे. वसई-विरारमध्ये डाएटला मुहूर्तच निघत नाही. श्रावणात धरावं तर उपासाचा साबुदाणा. मग गणपती, गौरी, नवरात्र, दिवाळी. कार्तिकात निर्मळची जत्रा. तिथून रिकाम्या हाताने आलात तर लोक तुमच्या घरी काही झालं का विचारतात. डिसेंबरात नाताळ. गासची माझी ट्रेनमधली मैत्रीण फुगे आणि इंदेल आणते, आणि तिच्या सासूने पहाटे उठून केलेलं ते नाकारण्याइतकी मी असंस्कृत नाही. त्याच महिन्यात वसई-विरारची मॅरेथॉन. २०११ पासून ती होते आहे आणि आम्ही दरवर्षी सहकुटुंब रस्त्याच्या कडेला उभे राहून धावणाऱ्यांना टाळ्या वाजवतो. इतक्या माणसांना पळताना बघून दमायला होतं, म्हणून येताना वडापाव. जानेवारीत लेडीज डब्यात हळदीकुंकू आणि तिळगूळ. पुढे मैत्रिणीचा उपवासकाळ लागतो, तिचं मटण बंद होतं, तेव्हा मला जरा आशा वाटते. पण तोवर आंबा येतो. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे सुकट आणि सुका बोंबील, आणि सुक्या बोंबलाच्या कालवणाला नेहमीपेक्षा मूठभर भात जास्त लागतो हे आमच्याकडे सिद्ध झालेलं आहे.

आणि वारांना न जुमानणारं आगाशीचं भुजिंग. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, पोहे, बटाटा आणि तो मसाला. नवरा पुडा उघडता उघडता म्हणतो, “तळलेलं नाही हां, भाजलेलं आहे. शिवाय पोहे म्हणजे लोह.” एवढी वकिली त्याने माझी कधी केली नाही.

खाण्यावर काही चालेना तेव्हा मी व्यायामाकडे वळले. विरारच्या माणसाला जिमचे पैसे भरायची गरज नाही, डोंगरावर जीवदानी आहे. तेराशेच्या वर पायऱ्या. रोपवेही आहे, पण सासूबाईंनी परस्पर देवीला कबूल करून टाकलं होतं की सून चालत येईल. चढले. खरंच चढले. वर दर्शन झालं, खाली विरारच्या इमारती एकीला एक खेटून उभ्या दिसल्या, वारा लागला आणि वाटलं, आता आपल्याला कुणी अडवू शकत नाही.

अडवलं टाचेने. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं आणि तोंडातून जो आवाज निघाला त्याने नवरा भूकंप समजून उठला. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाला एक जाड पट्टा असतो, तो दुखावतो. रात्रभर आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला ताणला जातो. डॉक्टर म्हणाले, “पायऱ्या सध्या बंद. चालणं बेताने. आणि मुख्य म्हणजे वजन कमी करा.” मी विचारलं, “न चालता?” ते म्हणाले, “तेच तर.” वर गुडघ्यांचंही सांगितलं: अंगावरचं एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार हलका होतो. गणित मला आवडलं. चार किलो फुकट मिळत असताना एक किलो काही सुटेना.

टाचेवर घरचा उपाय म्हणजे पाण्याची बाटली बर्फ करायची आणि तिच्यावर तळपाय फिरवायचा. रात्री सगळे जेवत असताना मी टेबलाखाली हा कार्यक्रम करायचे. एकदा बाटली निसटली, घरंगळत गेली आणि सासूबाईंच्या पायाला लागली. दिवस पावसाळ्याचे, आमचा मजला पहिला. त्या ‘बेडूक!’ म्हणून ओरडल्या आणि पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालून बसल्या. या वयात इतकी झटपट मांडी! त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत हे त्या रात्री सगळ्यांसमोर सिद्ध झालं आणि त्यांनी ते नंतर कुणाला विसरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच बाटली फ्रीजरमधून काढून मुलाने क्रिकेटला नेली. संध्याकाळी म्हणाला, “आई, थंडगार होतं पाणी, पण जरा हळदीचा वास येत होता.” ती हळद कशावर लावलेली होती हे मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

फरशीवर अनवाणी चालायचं नाही अशीही ताकीद होती. आता घरात चप्पल. पण स्वयंपाकघरात चप्पल सासूबाईंना चालत नाही, कारण देव्हारा तिथेच. दोन दिवस धुसफूस झाली. मग तह झाला: स्वयंपाकघराची वेगळी चप्पल, ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही, आणि देव्हाऱ्यासमोरच्या दोन फरशा अनवाणी. तेवढ्या मी लंगडी घालून ओलांडते. देवाला वाटत असेल, बाई नाचते आहे.

आता चौथ्या सीटबद्दल. लोकलच्या बाकावर हिशेबाने तिघी बसतात आणि रिवाजाने चौथी. चौथीला बाकाचं टोक मिळतं, एक मांडी आत आणि एक अधांतरी, पण दादर येईपर्यंत ते टोकही राज्य वाटतं. डॉक्टर लोक वजन बीएमआयने मोजतात: आपल्याकडच्या माणसांना २३ च्या वर जादा, २५ च्या वर लठ्ठपणा. विरार लोकलमध्ये एवढा भागाकार कुणी करत बसत नाही. तुमच्या बाकावर चौथी मावते का, बस्स.

त्या दिवशी बाकावर खिडकीशी मटार सोलणाऱ्या काकू, मधे गासची मैत्रीण (ती नालासोपाऱ्याहून आधी उलटी विरारला येते आणि जागा धरते) आणि कडेला मी. वसईला एक कॉलेजकुमारी चढली. तिने काकूंकडे पाहिलं, मैत्रिणीकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “जरा सरकता का” म्हणायला उघडलेलं तोंड तिने मिटून घेतलं. म्हणाली, “असू दे आंटी, मी उभीच बरी.” अतिशय आदराने म्हणाली. अपमान आदराने केला की त्याला उत्तर सुचत नाही. काकू मटार सोलता सोलता म्हणाल्या, “आपण तिघी भरल्या घरच्या.” मैत्रीण खिदळली. मी भाईंदरच्या खाडीकडे बघत बसले आणि ठरवलं, किलोबिलो गेले खड्ड्यात. आपल्या बाकावर चौथी बसली पाहिजे.

ठरवून काय होतं? काहीच नाही. झालं ते सोसायटीच्या तपासणी शिबिरामुळे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये टेबलं मांडली, बरोबर रक्त काढायला माणसं आणि कंबर मोजायला एक मुलगा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत असावी, बायकांची ८०. माझी मोजताना मुलाने आकडा हळू आवाजात सांगितला, संस्कारी होता. मग नवरा पुढे आला, ताठ उभा राहिला, पोट आत घेतलं. मुलगा म्हणाला, “काका, श्वास सोडा.” नवरा म्हणाला, “सोडलाय.” मुलगा इंचपट्टी धरून शांतपणे उभा राहिला. सोसायटीचे सेक्रेटरी बघत होते, पहिल्या मजल्याच्या काकू बघत होत्या. माणूस किती वेळ दम धरणार? श्वास सुटला आणि पट्टी ९६ वर गेली.

पण खरी गंमत अहवालात. माझं एचबीएवनसी ठीक निघालं. नवऱ्याचं ६.२. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. ही तपासणी फार खवट. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि तेवढ्या दिवसांत त्यांना जी साखर चिकटली तिचा हिशेब ती मांडते. आदल्या रात्री कारल्याचा रस पिऊन तिला फसवता येत नाही. त्याने तो प्यायला होता.

बीएमआय २२ आणि साखर उंबरठ्यावर, हे कसं? हे कोडं पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगापुढे मांडलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपली माणसं वरून बारीक, आतून भरलेली. मला यासाठी ‘लॅन्सेट’पर्यंत जायची गरज नव्हती. आमच्याकडे सुकेळी होतात. राजेळी केळं सोलून उन्हात वाळत घालतात. ते सुकतं, आकसतं, हडकुळं दिसायला लागतं, आणि साखर सगळी आतच राहते. इतकी वर्षं माझ्या ताटाकडे बघून सुस्कारे सोडणारा नवरा हे सुकेळं निघालं.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं थायरॉइड निघालं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “तोंडावर जरा ताबा ठेव.” आता म्हणाल्या, “किती ताण घेतो माझं पोर!” आणि मग जे घडलं ते मी माझ्या वजनासाठी जन्मभर मागितलं असतं तरी घडलं नसतं. कोलमचा डबा वरच्या फळीवर गेला. नाचणीची भाकरी आली. जेवायच्या आधी काकडी, टोमॅटो, मोड आलेले मूग. माठ आणि चवळीची पालेभाजी रोज. मासे कालवणात, तळणीत फक्त रविवारी. लेकीला अखेर प्रोटीन दिसलं. रात्री जेवण झालं की “तो एकटा कसा जाईल?” म्हणून मलाही बरोबर फिरायला पाठवलं जाऊ लागलं, मऊ तळाची चप्पल घालून, सपाट रस्त्याने. टाचेला ते मानवलं. मुलांच्या ताटात उरलेलं संपवण्याचं माझं वर्षानुवर्षांचं खातं आपोआप बंद झालं, कारण नाचणीची भाकरी मुलं मुळात ताटात वाढूनच घेत नाहीत.

अशा रीतीने नवऱ्याची साखर उतरता उतरता बाजूने माझं वजनही उतरलं. फार नाही. पण ब्लाउजला एक शिलाई घालता आली. मध्यंतरी दिवाळी आली, तेव्हा थोडं परत चढलं. नंतर मला व्हायरल ताप आला, तेव्हा बरंच उतरलं, ते मात्र डॉक्टरांनी जमेला धरलं नाही. तरी काटा एकंदर खालच्या दिशेला आहे.

आणि एका सकाळी वसईला चढलेली बाई सरळ आमच्या बाकापाशी आली, “जरा सरकता का” म्हणाली आणि चौथी बसली. मी जिंकले होते. जिंकल्यावर काय होतं ते पुढच्या तासाभरात कळलं. पूर्वी मी ऐसपैस बसायचे. आता अंग चोरून, पर्स पोटाशी धरून, तिच्या कोपराला माझ्या बरगडीत जागा देत चर्चगेटपर्यंत गेले. मी उतरवलेल्या जागेवर ती आरामात झोपली.

संध्याकाळी घरी हे सांगितलं तर कुणाला माझं दुःख ऐकायला वेळ नव्हता, श्रेयाची वाटणी चालली होती. सासूबाई म्हणाल्या, “नाचणीचा गुण.” लेक म्हणाली, “प्रोटीन.” मुलाने पट्ट्याचा आलेख काढून दाखवला. नवरा म्हणाला, “माझं सहा पॉइंट दोन निघालं नसतं तर?” वर्षानुवर्षं जे वाढत होतं ते स्वकष्टार्जित होतं, त्यावर कुणी हक्क सांगायला आलं नाही. उतरलं ते मात्र वडिलोपार्जित निघालं. सगळे वारस हजर.